प्रकल्प नोंदी: नाकागोवरची आठ अक्षरं

४ जानेवारी २०२५

जपानी तलवार आज पहिल्यांदा हातात घेतली. सातारा जिल्ह्यातलं गाव, घर जुनं, माळवदाचं. तलवार घराबाहेर न्यायची नाही ही घरातल्या थोरल्या, आक्कांची अट, त्यामुळे दर शनिवार-रविवारी पुण्याहून मीच इकडे यायचं असं ठरलं. काम खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात.

आक्कांचे वडील मराठा पलटणीत सुभेदार होते. बर्माची आघाडी, मग १९४५ साली मलाया. शरणागतीच्या वेळी दक्षिण-पूर्व आशियातले दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सर्वांसमक्ष खाली ठेवल्याच पाहिजेत असा आग्रह धरला होता. त्यांतल्या काही पलटणीच्या वाट्याला आल्या आणि एक सुभेदारांना मिळाली, असं घरात सांगतात.

बाहेरून पाहिलं तर ती लष्करी तलवार आहे. खाकी रंगवलेलं धातूचं म्यान, मुठीवर फीत आवळून गुंडाळलेली, पितळी मोहऱ्यावर, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या चकतीवर, साकुराची फुलं. १९३८ पासूनचा हा अधिकाऱ्यांचा नमुना. पण जपानी अधिकारी तलवार स्वतःच्या खर्चाने घेत आणि कित्येक जण घरातलं जुनं पातं या लष्करी साजात बसवून नेत. म्हणून साज पाहून पात्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

सोबत एक वहीचा कागद आहे. १९७०च्या दशकात कुणा ओळखीच्या माणसाने मुठीखालची अक्षरं वाचून लिहून दिलेला: 'ओमी दाइजो फुजिवारा तादाहिरो'. तेव्हापासून घरात ही 'तादाहिरोची तलवार'. सुभेदारांच्या ट्रंकेत डिस्चार्जचे कागद, दोन पदकं, दोरा ओवलेली बोटभर रुंदीची लाकडी पट्टी आणि एक फुटका चष्मा. ट्रंकेची यादी केली, सगळं परत जागेवर ठेवलं.

प्रश्न एकच आहे. नाव खरं का?

५ जानेवारी

मूठ उतरवली. जपानी तलवारीची मूठ एका बांबूच्या खुंटीवर उभी असते, मेकुगी म्हणतात तिला. खुंटी ठोकून काढली की मूठ, मोहरा, मधल्या पितळी चकत्या सगळं सुटं होतं आणि पात्याचा नागडा शेवट, नाकागो, समोर येतो. आपल्याकडच्या तलवारींवर वीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे पाहून हेवाच वाटावा. आपली मूठ लाखेने बसवलेली असते, एकदा बसली की बसली. तिथे नाव कोरून उपयोग नाही, कारण ते कुणाला दिसणारच नाही. जपानी लोहाराने मात्र नाव तिथेच कोरलं, जिथे पाणी पाजलेलं नाही, लोखंड मऊ आहे आणि पुढे पात्याला कितीही वेळा पॉलिश केलं तरी हात लागणार नाही. या कोरलेल्या नावाला मेइ म्हणतात.

नाकागोचा गंज पुसायचा नाही, हा पहिला नियम. तो गंज म्हणजेच वयाचा दाखला. जुन्या नाकागोवर तो गडद तपकिरीपासून जवळजवळ काळा असतो, हाताला गुळगुळीत लागतो, बोटाला उतरत नाही. शतकानुशतकं हळूहळू जमलेला असा थर घाईने तयार करता येत नाही. करणारे आम्ल, मीठ वापरून करतात, पण तो लालसर, भुसभुशीत दिसतो.

आणि इथेच घात झालेला आहे. एका बाजूला गंज काळाभोर, एकसंध, सुंदर. दुसऱ्या बाजूला, म्हणजे जिथे अक्षरं आहेत तिथे, लोखंड राखाडी उघडं पडलेलं. विचारल्यावर कळलं की तीसेक वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी घरातल्या कुणीतरी चिंच आणि रांगोळीने ती बाजू घासली होती. अक्षरं उजळावीत म्हणून. भक्तीनेच केलं त्यांनी, मी समजू शकते. पण अक्षरांच्या खाचांमधला गंज आणि आजूबाजूचा गंज एकाच वयाचा आहे का, ही नेहमीची पहिली तपासणी त्यामुळे हातातून गेली. मला आज दिवसभर वाईट वाटत राहिलं.

११ जानेवारी

मोजमापं. धारेची लांबी ६९.४ सेंमी, म्हणजे जुन्या जपानी मापात २ शाकू २ सून ९ बू. वक्रता १.५ सेंमी, आणि ती मध्यापेक्षा टोकाकडे जास्त. नाकागोला दोन भोकं, त्यांतलं एक स्वच्छ गोल, यंत्राने पाडलेलं, बहुधा लष्करी मुठीसाठी. शेवटाचा आकार गोलसर, ज्याला जपानीत चेस्टनटच्या फळावरून कुरिजिरी म्हणतात.

आता बाजूचा प्रश्न. हा मी पुठ्ठ्याची तलवार कापून, स्वतःच्या कमरेला लावून तीन वेळा पडताळला, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं.

जुनी ताची धार खाली करून कमरेला टांगत. नंतरची काताना धार वर करून कमरपट्ट्यात खोचत. दोन्हीत लोहार नाव कोरतो ते कमरेला असताना बाहेर दिसणाऱ्या बाजूला. तलवार टोक वर करून उभी धरली आणि नाव आपल्याकडे असलं, तर काताना असेल तेव्हा धार डावीकडे येते, ताची असेल तेव्हा उजवीकडे. यावरूनच पुष्कळदा कळतं की लोहाराच्या मनात काय होतं.

या नियमाला एक नामांकित अपवाद आहे आणि योगायोगाने तो नेमका आपल्याच प्रश्नातला आहे. हिझेन प्रांतातलं, म्हणजे क्यूशू बेटावरच्या सागा गावातलं तादायोशी घराणं. पहिला तादायोशी १५९६ मध्ये क्योतोला उमेतादा म्योजू या लोहाराकडे शिकायला गेला, १५९८ मध्ये परतला आणि नाबेशिमा सरदारांच्या आश्रयाने त्याने घराणं उभं केलं. १६२४ मध्ये त्याला 'मुसाशी दाइजो' हा मान मिळाला, तेव्हा त्याने नाव बदलून तादाहिरो केलं. त्याचा मुलगा दुसरा तादाहिरो. १६३२ मध्ये बाप गेला तेव्हा पोरगा विशीच्याही आतला. १६४१ मध्ये त्याला 'ओमी दाइजो' ही पदवी मिळाली आणि १६९३ मध्ये मरेपर्यंत तो काम करत राहिला. आपल्या नाकागोवरचं नाव या दुसऱ्याचं आहे.

या घराण्याची रीत अशी की पूर्ण लांबीच्या कातानावरही ते नाव कोरत ताचीच्या बाजूला. आखूड वाकिझाशीवर मात्र कातानाच्या बाजूला. नेम अगदी शंभर टक्के नसेल, पण घराण्याची सवय म्हणून ओळखावी इतका पक्का.

आपल्या तलवारीत टोक वर, नाव समोर, धार डावीकडे. चुकीची बाजू.

१२ जानेवारी

रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहून ठेवते. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. बाजू चुकीची असणं हा संशय झाला, पुरावा नाही. आक्कांना अजून काही बोलले नाही.

२६ जानेवारी

ठसा घेतला. याला ओशिगाता म्हणतात. पातळ जपानी वाशी कागद नाकागोवर घट्ट धरायचा आणि सेक्काबोकू नावाची मेणासारखी सुकी शाईची वडी हलक्या हाताने घासत जायचं. उंच भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात. शिलालेखाचे ठसे मी तरुणपणी पुष्कळ घेतले आहेत, ओला कागद दगडावर थोपटून, वरून शाईची पुरचुंडी फिरवून. त्यामुळे हे सोपं जाईल असं वाटलं होतं. पहिला कागद 'फुजि' या अक्षरापाशी सरकला. दुसऱ्यावर कडेची धार उमटलीच नाही. चौथा चांगला आला.

ठशाचा फायदा फोटोत नाही. फोटोत प्रकाश अक्षरांना हवं ते रूप देतो. ठशात फक्त खाच असते किंवा नसते.

आठ अक्षरं, ऐंशीच्या आसपास रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक ओढलेली ओळ नव्हे. छिन्नीचा एकेक ठोका लहान त्रिकोणासारखी खूण सोडतो आणि अशा खुणांच्या माळेतून रेघ होते. म्हणून रेघ कुठून सुरू झाली, हात कुठे वळला, ठोके कुठे दाट कुठे विरळ, हे सगळं वाचता येतं. जन्मभर हजारो वेळा तेच नाव कोरणारा माणूस ते चित्रासारखं काढत नाही. त्याचा हात लयीत पडतो, घाईच्या जागी घाई करतो, ठराविक ठिकाणी ठराविक तिरका जातो.

खऱ्या ठरलेल्या ठशांच्या छापील प्रतिमांशेजारी आपला ठसा ठेवून दुपारभर पाहिलं. 'तादा' हे अक्षर म्हणजे वर 'मध्य' आणि खाली 'हृदय'. हृदयाचे जे सुटे ठिपके असतात ते छापील नमुन्यांत एका झटक्यात पडलेले, वेगवेगळ्या कोनांचे. आपल्यात तिन्ही एकाच मापाचे, एकाच अंतरावर, जपून ठेवलेले. 'हिरो'च्या आतली आडवी रेघ दोन ठिकाणी अडखळून पुढे गेलेली. कुणीतरी समोर नमुना ठेवून उतरवलं, असं वाटतं.

वाटतं. या शब्दाखाली मी दोन वेळा रेघ मारली आहे, कारण उलट बाजूही आहे. गुरूच्या परवानगीने शिष्य नाव कोरत, त्याला दाइमेइ म्हणतात आणि ते खोटं धरत नाहीत. ओमी दाइजोने साठ वर्षं काम केलं, त्याच्या कारखान्यात हात पुष्कळ असणार. एका माणसाचंही अक्षर विशीत आणि सत्तरीत सारखं राहत नाही. नुसत्या अक्षरवळणावर हा खटला चालणार नाही.

१ फेब्रुवारी

आज नावाकडे पाठ फिरवली. नाकागो कापडात गुंडाळून ठेवला आणि दिवसभर फक्त पातं पाहिलं. जाणकारांची हीच शिस्त आहे: आधी आकार, मग लोखंडाचा पोत, मग धारेची रेषा, म्हणजे पाणी पाजल्याने धारेलगत उमटणारी फिकट नक्षी, मग टोक आणि सगळ्यात शेवटी नाव. पातं काय म्हणतं ते ठरवायचं आणि मग नावाला विचारायचं, तुला हे कबूल आहे का. मी उलट्या क्रमाने सुरुवात केली होती. घरात पन्नासेक वर्षं ज्या नावाने तलवार ओळखली गेली, त्या नावाने मलाही आधीच धरलं होतं.

पॉलिश जुनं आहे, जागोजागी ओरखडे आणि गंजाचे ठिपके आहेत. पण मधला हातभर पट्टा वाचतो. एकच दिवा, खोली अंधारी, पातं दिव्याच्या दिशेने रोखून हळूहळू फिरवायचं. योग्य कोनात आलं की लोखंड उघडतं.

हिझेनचं लोखंड कसं असतं? अतिशय बारीक, दाट, एकसारखं. जपानी त्याला कोनुका-हादा म्हणतात, भाताच्या बारीक कोंड्यासारखा पोत. गिरणीतून आणलेला कोंडा तळहातावर पसरून पाहिला तर कल्पना येईल. त्यावर बहुधा सरळ, शांत धाररेषा आणि टोकातही ती रेषा कडेला समांतर जाऊन गोल वळणारी. ओमी दाइजोची ओळख म्हणजे ही सरळ रेषा.

आणि आपल्या समोर काय आहे? पोत मोकळा, लाकडाच्या गाठींसारखा, पाठीकडच्या भागात सरळ उभ्या तंतूंचा. पृष्ठभागावर पांढुरकी धूसर झाक. धाररेषा लाटांची, आणि लाटांमध्ये अधूनमधून टोकदार शिखरं उभी. टोकात ती रेषा एका बाजूला झुकून गोल डोक्यासारखी झाली आहे. या आकाराला जिझो बोशी म्हणतात. जपानात रस्त्याकडेला जिझो बोधिसत्त्वाच्या दगडी मूर्ती असतात, त्याच्या बाजूने पाहिलेल्या डोक्याचा हा आकार. हे सगळं हिझेनचं नाही. हे मिनो प्रांताचं आहे, आजचं गिफू, सेकी गावची परंपरा. टोकाकडे वाढत जाणारी वक्रता आणि सव्वादोन शाकूच्या आसपासची लांबी जमेस धरली तर सोळाव्या शतकाकडे बोट जातं. म्हणजे ओमी दाइजो जन्मण्याच्याही आधीचं पातं.

संध्याकाळी नाकागोची न घासलेली बाजू पुन्हा पाहिली, या वेळी कानशीच्या खुणांसाठी. लोहार नाकागो कानशीने साफ करतो आणि प्रत्येक घराण्याची कानस ठरलेल्या दिशेने चालते. तादाहिरोच्या घरात आडवी किंवा जराशी उतरती, आणि नाकागोचा शेवट एका बाजूला झुकलेल्या डोंगरमाथ्यासारखा टोकदार. आपल्याकडे शेवट गोल, हे आधीच लिहिलं आहे. आणि काळ्या गंजाखाली, तिरप्या उजेडात, मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या तिरक्या रेघा. पिसासारख्या. याचं नावच मुळी ताका-नो-हा, ससाण्याचं पीस. सेकीची कानस.

दिवा विझवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. खरं सांगायचं तर आनंद झाला होता. नावाने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं पातं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोललं होतं.

९ फेब्रुवारी

तरीही एक शंका राहतेच. समजा पातं मिनोचं आहे आणि नाव हिझेनचं, तर नाव नंतरचं हे तर्काने ठरलं. मला ते लोखंडातच दिसायला हवं होतं. चिंचेने रंगाचा पुरावा नेला, पण आकाराचा नेलेला नाही, हे आज लक्षात आलं.

जुन्या नाकागोवर गंजाने खड्डे पडतात. आता एक खड्डा आणि एक रेघ एकमेकांना छेदत असतील, तर त्यांतलं आधीचं कोण? रेघ आधीची असेल तर खड्डा तिच्या कडा खाऊन टाकतो, त्या जागी रेघ विरघळल्यासारखी बोथट होते. खड्डा आधीचा असेल तर छिन्नी त्यावरून जाते. खड्डा उथळ असला तर छिन्नी त्याच्या तळातही आपली खूण ठेवते, खोल असला तर हवेतून उडी मारून पलीकडच्या काठावर पुन्हा लोखंडाला लागते. शेतात नांगर आधी चालला की खळगा आधी पडला, हे जसं सरीवरून कळतं तसंच.

सूक्ष्मदर्शक लॅपटॉपला जोडून एकेक अक्षर चाळलं. पाच तास लागले. तीन जागा सापडल्या.

पहिली 'दाइ' अक्षराच्या लांब आडव्या रेघेवर. उथळ खड्डा, आणि त्याच्या तळात छिन्नीच्या दोन त्रिकोणी खुणा स्वच्छ, तीक्ष्ण कडांच्या. दुसरी 'फुजि'च्या खालच्या भागात, तिथे छिन्नीने उडीच मारली आहे. तिसऱ्या जागेबद्दल मी शपथ घेणार नाही.

आणखी एक. छिन्नी लोखंड कापते तेव्हा थोडं लोखंड बाजूला सरून रेघेच्या काठाला बारीक वरंबा उभा राहतो. त्याला तागाने-माकुरा म्हणतात, छिन्नीची उशी. शतकानुशतकं मूठ चढवून-उतरवून ही उशी झिजते, गोल होते. आपल्या अक्षरांत ती अजून नखाला लागते. रांगोळीने घासूनही लागते.

म्हणजे हे नाव कोरलं गेलं तेव्हा नाकागो आधीच गंजून खड्डे पडलेला, म्हातारा होता. ओमी दाइजोने स्वतःच्या नव्या तलवारीवर नाव कोरलं असतं तर खड्डे नावाआधी आलेच नसते. माझ्यापुरता इथे निकाल लागला. गिमेइ. खोटं नाव.

१५ फेब्रुवारी

आज गावी गेले नाही. खोटं नाव कोरणाऱ्यांबद्दल जे माहीत आहे ते नीट लिहून काढते, आक्कांना सांगताना उपयोगी पडेल.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, तलवार ही भेट म्हणून द्यायची वस्तू होती. सरदार सरदाराला देई, लग्नात, वारसा मिळाल्यावर, मानाच्या प्रसंगी. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दर्जाला शोभेल असं नाव तीवर असायला हवं. मोठी नावं थोडी, प्रसंग पुष्कळ. होनआमी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलवारी पारखून प्रमाणपत्रं देत असे, ओरिगामी म्हणत त्यांना. पारखी जितके तयार होत गेले तितकेच नकली करणारेही.

नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, लोहार, आधी चिलखतं बनवणारा. त्याच्याबद्दल जपानात म्हणच पडली आहे की कोतेत्सु दिसला की खोटा समजावा. त्याची सही तपासताना 'तोरा', म्हणजे वाघ, हे एकच अक्षर फार बोलतं. सुरुवातीला त्याची शेवटची रेघ झटक्याने वर उडालेली असते, १६६४ पासून ती पेटीसारखी चौकोनी होते. ओसाकाचा त्सुदा सुकेहिरोही असाच. १६७४ मध्ये त्याने टोकदार अक्षर सोडून गोलाईचं वळण घेतलं. त्यानंतरचं साल आणि जुनं वळण एकत्र दिसलं की कान टवकारावेत. आपल्याकडे बनावट ताम्रपट पकडतात तेही याच वाटेने. शक एक सांगतो, लिपी दुसरंच.

एदोच्या अखेरीस होसोदा हेइजिरो नाओमित्सु नावाचा लोहार झाला, 'काजिहेइ' म्हणून ओळखतात. स्वतः चांगला कारागीर, नाओकात्सुचा शिष्य. पण नाव राहिलं ते दुसऱ्यांची नावं हुबेहूब कोरण्यासाठी. त्याच्या खोट्या सह्यांचे ठसे त्याच्याकडेच जपलेले होते आणि पुढे पारख्यांना तेच उपयोगी पडले. हा माणूस मला नीट कळत नाही. इतका हात असताना त्याने तो दुसऱ्याच्या नावात का घातला, याचा विचार करत राहते.

आपल्याकडे काय वेगळं आहे? इराणातल्या इस्फहानच्या असदुल्ला या नामांकित लोहाराचं नाव सोन्यात कोरलेल्या तलवारी मी इतक्या पाहिल्या आहेत की एका माणसाने त्या घडवणं शक्यच नाही. मराठ्यांच्या फिरंगीवर युरोपी कारखान्यांच्या खुणा असतात, त्यांतल्या कित्येक इथल्याच शिकलगाराने कोरलेल्या. त्यातलं पातं वाईट होतं असं नाही. गिऱ्हाइकाला नाव हवं होतं.

२ मार्च

तोक्योतल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांना ठसा आणि फोटो पाठवले होते, माझं मत न सांगता. त्यांचं उत्तर आलं. पातं उत्तर मुरोमाची काळातलं, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं, सेकीचं, नाव नंतरचं. फोटोवरून इतकंच, असं त्यांनी दोनदा लिहिलं आहे. अशीच माणसं विश्वासाची.

त्यांनी एक गोष्ट पाहायला सांगितली जी माझ्या नजरेतून सुटली होती: नाकागोची जाडी. मापून पाहिलं. 'फुजिवारा'च्या आसपास लोखंड ०.३ मिमीने पातळ आहे, न घासलेल्या बाजूला तसा खळगा नाही. चिंचेने ०.३ मिमी जात नाही. कुणीतरी तिथे कानस चालवली आहे. म्हणजे या जागी आधी दुसरं नाव होतं आणि ते काढून टाकलं, असं असू शकतं.

तिरप्या उजेडात त्या खळग्यात दोन फिकट खाचा दिसतात. सेकीच्या बहुतेक लोहारांची नावं 'काने' या अक्षराने सुरू होतात, कानेमोतो, कानेसादा, कानेफुसा, कानेत्सुने. ते अक्षर मला माहीत आहे, त्यामुळे त्या दोन खाचांत ते मला दिसायला लागलं. मग मी उठले, अंगणात चक्कर मारून आले आणि पुन्हा पाहिलं. दोन खाचा. बस. यापेक्षा जास्त लिहिणं म्हणजे मीसुद्धा एक नाव कोरणं होईल.

१६ मार्च

आक्कांना सांगितलं. त्या ८३ वर्षांच्या आहेत, कान तिखट, नजर अधू. मी हळूहळू सांगत होते तर म्हणाल्या, "अगं, आडवळणाने नको येऊ. खोटी आहे का तलवार?"

म्हटलं, "आक्का, तलवार खरी आहे. तुम्ही समजत होता त्याहून शंभर-सव्वाशे वर्षांनी जुनी असावी. नाव खोटं आहे."

"मग माझ्या बापाला कुणी फसवलं?"

"त्यांना कुणी नाही. त्यांच्या आधी, त्या जपानी अधिकाऱ्याच्याही आधी, कुणीतरी कुणाला तरी विकताना कोरलं असणार."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग नातवाने तो प्रश्न विचारला जो येणारच होता: खोटं नाव घासून काढता येईल का? त्याने वाचलं होतं की जपानात तसं करतात. बरोबर आहे ते. १९४८ मध्ये स्थापन झालेली तलवार-जतन संस्था, जिचं संग्रहालय २०१८ पासून तोक्योत र्योगोकूला आहे, ती खोट्या नावाच्या तलवारीला प्रमाणपत्र देत नाही. म्हणून मालक तज्ज्ञाकडून नाव काढून घेतात आणि तलवार बिननावाची म्हणून पुन्हा दाखवतात. मग पात्याला त्याच्या खऱ्या गुणांवर जागा मिळते. त्या व्यवस्थेत या वागण्याला अर्थ आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण इथे मी ठाम 'नको' म्हटलं. एकदा आधीचं नाव काढून टाकलं गेलं असावं आणि त्यामुळेच आज घडवणाऱ्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्यांदा तेच कशाला? शिवाय नाव काढायचं म्हणजे ते खड्डे, त्यांतल्या छिन्नीच्या खुणा, ज्यांवर माझा सगळा निष्कर्ष उभा आहे, तेही जाणार. उद्या माझ्याहून जाणता कुणी आला आणि माझं चुकलं असं त्याला वाटलं, तर त्याने पाहायचं काय?

नातू हिरमुसला. आक्का म्हणाल्या, "राहू दे. खोटं असलं तरी ऐंशी वर्षं घरात आहे ते."

पॉलिशचाही विषय निघाला. तूर्त नाही. प्रशिक्षित तोगिशीशिवाय, म्हणजे जपानी तलवारींना पॉलिश करणाऱ्या कारागिराशिवाय, या पात्याला दगड लावायचा नाही, आणि बाजारातल्या बफिंगच्या चाकाजवळ तर नेऊसुद्धा नये. चाकाची उष्णता आणि ओढ एका तासात टोकाची रेषा गोल करून टाकते, ती पुन्हा येत नाही.

२३ मार्च

खंडेनवमीसाठी एक पान लिहून देव्हाऱ्याजवळ चिकटवलं: पात्याला मऊ कापडाने पातळ तेल, जुनं आधी पुसून. जपानी चोजी तेलाला लवंगेचा वास असतो, आक्कांना तो फार आवडला. नाकागोला काही लावायचं नाही. हळद-कुंकू म्यानाला, पात्याला नाही. चिंच नाही. तळहात धारेवर आणि पोटावर नाही, घामाचं बोट दोन दिवसांत उमटतं.

५ एप्रिल

काम संपलं म्हणून अहवालाची प्रत द्यायला आले होते. ट्रंकेची यादी जोडायची राहिली होती, ती तपासताना लाकडी पट्टी पुन्हा हातात आली. जानेवारीत मी ती ट्रंकेचं लेबल समजून बाजूला ठेवली होती. आज खिडकीत धरली तर तीवर शाईचे डाग नाहीत, ओळी आहेत.

शरणागतीच्या वेळी काही अधिकारी तलवारीला आपल्या नावाची पट्टी बांधून देत, कधीतरी परत मिळेल या आशेने. सुभेदारांनी ती मुठीवरून सोडली, पण टाकली नाही. ऐंशी वर्षं ट्रंकेत जपली.

जपानी शाई काजळीची असते, आणि काजळी अवरक्त प्रकाशात काळीच राहते, वरचा मळ मात्र फिका पडतो. त्यासाठी बदलून घेतलेला कॅमेरा पुण्याला आहे, पुढच्या आठवड्यात आणते.

१३ एप्रिल

वाचता आलं. एका बाजूला हुद्दा, भूसेनेचा लेफ्टनंट. त्याखाली आडनाव स्पष्ट, नावाचं पहिलं अक्षर स्पष्ट, दुसरं अर्धं. मागच्या बाजूला ओकायामा प्रांत, एक गाव, पुढची ओळ गेलेली. नाव इथे लिहीत नाही. त्या घरात कुणी असेल तर त्यांना ते आधी पत्रातून कळावं.

तोक्योच्या अभ्यासकांनी अर्ध्या अक्षराचे दोन पर्याय कळवले आहेत आणि चौकशी कुठे करायची तेही. तलवार परत द्यायची का, हे आक्का ठरवतील, त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. पण पत्र लिहायचं आहे. त्या सांगणार, मी उतरवून घेणार, जपानी भाषांतर करून मागवायचं. पहिलं वाक्य त्यांनी आजच दिलं: "तुमची तलवार आमच्या घरी आहे, गंज चढू दिलेला नाही."